रिकाम्या पार्सलाची पोच

परप्रांती नोकरी करणाऱ्या माणसाच्या बिऱ्हाडात तीन गोष्टी हमखास सापडतात. दोन-तीन बदल्या होऊन गेल्या तरी उघडावयाची राहिलेली एखादी पेटी, योग्य भिंत न मिळाल्यामुळे कपाटाच्या पाठीमागे उभी असलेली एखादी तसबीर, आणि पावत्यांनी भरलेला एक डबा. आमच्या बिऱ्हाडातला हा डबा मूळचा बिस्किटांचा. त्यात घरभाड्याच्या, वर्गणीच्या, सामान वाहून नेणाऱ्या ट्रकवाल्यांच्या आणि पोस्टाच्या पावत्या वर्षवार सुतळीने बांधून ठेवलेल्या असतात. आमची सारी हयात हिशेब तपासण्यात गेली. ‘व्हाउचर कोठे आहे?’ हा प्रश्न आम्ही इतक्या प्रांतांत, इतक्या माणसांना विचारला आहे, की ज्याच्यापाशी पावती तो खरा आणि ज्याच्यापाशी ती नाही तो संशयित, ही माणसांची विभागणी आमच्या अगदी अंगवळणी पडून गेली होती. तीत काही चुकते आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. निदान २०१८ सालच्या आश्विनापर्यंत तरी वाटले नाही.

त्या वर्षी आम्ही कलकत्त्यास होतो. कराडला आमची थोरली बहीण असते; तिला आम्ही सारी भावंडे अक्का म्हणतो. अक्काच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले. आमच्या आईचा चांदीचा एक करंडा होता. जुन्या घडणीचा, वजनाला भक्कम, झाकणावर मोर असलेला. आई शेवटची दोन वर्षे आमच्यापाशी होती, म्हणून करंडाही आमच्यापाशीच राहिला. ‘हा अक्काच्या लेकीला’ असे ती जाण्यापूर्वी म्हणाली होती. त्या वेळी खोलीत आम्ही दोघे नवरा-बायकोच होतो. कागद नव्हता, सही नव्हती, तिसरा साक्षीदार नव्हता. तरीही आम्ही ते अक्काला सांगितले तेव्हा तिने मान डोलावली आणि डोळे पुसले. ‘कशावरून?’ असे तिने विचारले नाही. पुढे जे घडले ते आठवताना हा प्रसंग आम्हांला आधी आठवतो.

लग्नाला आम्ही जाणारच होतो. करंडा बरोबर नेता आला असता. परंतु अक्काला तो केळवणाच्या वेळी मुलीच्या हाती द्यावयाचा होता. “पोस्टाने पाठव, येतो नीट,” ती फोनवर म्हणाली. आम्ही तयारीला लागलो.

ही तयारी आम्ही किती चोख केली हे सांगण्याचा मोह अजूनही आवरत नाही. प्रथम सराफाकडे जाऊन करंड्याचे वजन आणि किंमत लिहून घेतली, कारण विमा उतरावयाचा तर किंमत खरी सांगितली पाहिजे. मग पुठ्ठ्याचे एक खोके निवडले. पार्सलावर मांजरपाटाचे कापड शिवून घेण्याची आमच्या वडिलांपासूनची रीत. चांदीची वस्तू शिंप्याच्या दुकानात रात्रभर ठेवणे बरे नव्हे, म्हणून तसलेच दुसरे खोके घेतले, ते दबू नये यासाठी त्यात जुन्या बंगाली वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले, आणि मापाकरिता ते शिंप्याकडे पाठविले. शिवणींवर लाखेच्या मोहरा केल्या. विम्याच्या पार्सलावर मोहर कशी असावी याचे पोस्टाचे नियम होते : सर्व मोहरा एकाच लाखेच्या हव्यात, त्यांवर एकच खासगी चिन्ह हवे, आणि ते चिन्ह चालू नाण्याचे किंवा सहज नक्कल करता येण्याजोग्या नुसत्या रेघोट्यांचे असता कामा नये. रुपया कोणाच्याही खिशात असतो, तेव्हा त्याच्या ठशाने पुन्हा मोहर करणे कोणालाही जमेल, हा त्यातला विचार आम्हांला फार आवडला. आमच्यापाशी वडिलांची पितळी मुद्रा होती. तिचे ठसे आम्ही स्वतः उमटविले. पोस्टातल्या कारकुनाने पार्सल काट्यावर ठेवले, वजन लिहिले, पैसे घेतले आणि पावती दिली. आम्ही धरून चाललो होतो त्यापेक्षा पैसे थोडे कमी लागले. याचाही त्या दिवशी आम्हांला संतोषच वाटला.

दुर्गापूजा संपली आणि अक्काचा फोन आला. पार्सल पोहोचले होते. आत वर्तमानपत्रांचे बोळे होते, करंडा नव्हता.

त्या क्षणी आमच्या मनात काय आले हे प्रामाणिकपणे सांगावयाचे तर दुःख दुसऱ्या क्रमांकावर होते. पहिला विचार आला तो बिस्किटांच्या डब्याचा. पावती आहे. आपल्यावर काही येणार नाही.

मग आम्ही कायदा वाचावयास बसलो. नोकरीमुळे कलमांची भीती गेलेली, आणि संध्याकाळी मोकळ्या. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे २७ वे कलम म्हणते की कायद्याने पोस्टाने पाठवावयास सांगितलेला दस्तऐवज पत्ता बरोबर लिहून, टपालहशील भरून, रजिस्टर करून टाकला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो पोहोचला असे मानावे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ११४ वे कलमही न्यायालयाला असेच सांगे, की कामकाजाचा नेहमीचा क्रम या खेपेसही पाळला गेला असे धरून चालण्यास हरकत नाही. (तो कायदा १ जुलै २०२४ पासून गेला, त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच गोष्ट ११९ व्या कलमात आली आहे.) परंतु बारकाईने पाहता आमच्या ध्यानात आले, की हा सारा कायदा पाकीट पोहोचले की नाही याविषयी बोलतो; पाकिटात काय होते याविषयी बोलत नाही. नोटीस मिळाली, पण आत कोरा कागद होता, असा बचाव घेणारा प्रतिवादी म्हणूनच वकिलांना इतका छळतो. मोहर बाहेरून असते. काटा बाहेरून तोलतो. पावतीवर नाव, गाव, वजन आणि पैसे असतात. वस्तूचे नाव पाठविणारा सांगेल तेच, आणि ते खरे की खोटे हे पाहावयास खोके कोणी उघडत नाही.

१८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याचे सहावे कलम तर हरवणे, चुकणे, उशीर होणे आणि मोडतोड होणे या चारही बाबतींत सरकारला जबाबदारीतून सोडवीत असे, सरकारने ती उघडपणे पत्करली असेल तेवढी सोडून. विमा उतरविला म्हणजे ती पत्करली जाई, आणि वस्तूच्या खऱ्या किमतीपलीकडे न जाता भरपाई मिळे. ती मिळे पाठविणाऱ्याला. (हाही कायदा १८ जून २०२४ पासून बदलला आणि २०२५ साली रजिस्टर टपालाची वेगळी सेवाही स्पीड पोस्टात विलीन झाली. आमचे प्रकरण जुन्या अमदानीतले.) आम्ही रीतसर दावा दाखल केला. सोबत पावतीची प्रत आणि सराफाचा कागद जोडला.

या वाचनात आम्हांला खुद्द कराडच्या शेजारचा एक खटला सापडला, आणि तेव्हा तर आम्हांला आपला विजय झाल्यासारखेच वाटले. ज्या कारखान्याचे प्रभाकर कंदील आमच्या पिढीच्या आजोळी टांगलेले असत, तो ओगले यांचा काचकारखाना ओगलेवाडीस, म्हणजे त्या वेळच्या औंध संस्थानच्या हद्दीत होता. कारखान्याने हिंदुस्थान सरकारला माल पुरविला आणि सरकारने दिल्लीहून पोस्टाने चेक पाठविले. प्राप्तिकर खात्याने विचारले, हा पैसा मिळाला कोठे? औंधात मिळाला असेल तर कराची गोष्ट वेगळी, दिल्लीत मिळाला असेल तर वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली निकाल दिला, की चेक पाठवून द्या असे कारखान्यानेच आपल्या बिलात लिहिले होते. तेव्हा पोस्ट हे घेणाऱ्याचे प्रतिनिधी झाले आणि चेक दिल्लीला पोस्टात पडला त्याच क्षणी तो कारखान्याला मिळाला. आम्ही चष्मा काढून ठेवला. “पोस्टाने पाठव” हे शब्द अक्काचेच होते! म्हणजे कारकुनाने पार्सल आत ओढले त्याच क्षणी करंडा अक्काला पोहोचला. पुढे काय झाले ते तिचे तिने पाहावे. सख्ख्या बहिणीशी वागताना चेकवरचा निकाल आठवावा यात काही विपरीत आहे, हे आमच्या मनाला त्या संध्याकाळी शिवलेही नाही.

यथावकाश चौकशीचे उत्तर आले. ते नमुनेदार होते. पार्सल नोंदविताना आणि पोहोचविताना वजन सारखे भरले. मोहरा शाबूत होत्या. घेणाऱ्याने तक्रार न करता सही केली.

हे वाचताच आमच्यातला तपासनीस जागा झाला. वजन जुळते. मोहरा शाबूत. म्हणजे वाटेत काही झालेले नाही. आम्ही तर करंडा पाठविला आहे. तेव्हा जे झाले ते घराचा उंबरठा ओलांडल्यानंतर झाले. बेरीज-वजाबाकीसारखे स्वच्छ अनुमान! अक्काच्या घरी तिचा मुलगा आणि वर्षापूर्वी घरात आलेली सून. मुलगा दिवसभर कामावर. आणि एकदा मनाने ही वाट धरल्यावर पुढचे सारे मनच पुरवू लागले : करंडा लेकीला जाणार, सुनेला नव्हे, पोरीला वाईट वाटले असेल, वगैरे वगैरे. त्या मुलीला आम्ही जन्मात दोनदा पाहिले होते. एकदा अंतरपाटापलीकडे, एकदा पंगतीत वाढताना.

हे फोनवर विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही, म्हणून आम्ही पत्र लिहिले. त्यातले वाक्य आम्हांला पाठ आहे, कारण तसली वाक्ये आम्ही तीस वर्षे लिहीत आलो होतो : “पार्सल घेतेवेळी घरात कोण होते, व ते कोणासमक्ष उघडण्यात आले, हे कळावे.” यात कोणावर आरोप नाही असे आम्ही सौ.ला समजावून सांगितले. ती म्हणाली, “आरोप नाही हे तुम्हांला ठाऊक. वाचणाऱ्याला कसे कळायचे?”

अक्काचे उत्तर आठ दिवसांनी आले. पोस्टकार्डावर चार ओळी होत्या. पार्सल सूनबाईने घेतले, तिनेच हौसेने उघडले, घरात दुसरे कोणी नव्हते. पुढे काही विचारायचे असेल तर ते तिला नको, मला विचार. खाली ‘आशीर्वाद’ हा शब्द नेहमीप्रमाणे होता, परंतु आमच्या धाकट्या मुलीची चौकशी, जी अक्काच्या पत्रात कधी चुकत नसे, ती नव्हती.

त्या रात्री सौ.ने पावती मागितली. आम्ही अभिमानाने डबा काढून दिला. तिने ती दिव्याखाली धरली, सराफाचा कागद शेजारी ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाली, “अहो, करंडा चारशे बारा ग्रॅमचा ना?”

“हो. सराफाने लिहून दिले आहे.”

“मग खोके, कागद, कापड आणि लाख धरून सगळे पार्सल तीनशे पासष्ट ग्रॅमचे कसे?”

आम्ही पावती हातात घेतली. तीनशे पासष्ट. तो आकडा महिनाभर आमच्या डब्यात होता. त्याच्या प्रती काढून आम्ही दोन ठिकाणी पाठविल्या होत्या. ‘वजन जुळते’ हे उत्तर वाचून आम्ही माणसांविषयी अनुमाने बांधली होती. परंतु ते वजन किती होते हे आम्ही पाहिलेच नव्हते. इतरांच्या व्हाउचरांवरचा एकेक आकडा तांबड्या शाईने टिपणाऱ्या आम्हांला आपल्या व्हाउचरावर आकडा आहे एवढेच पुरे झाले होते.

पुढचे लवकर सांगून टाकतो. शिंप्याने मापाच्या खोक्यावरच कापड घालून चारही बाजू शिवून ते परत पाठविले होते. सौ.ला वाटले, खोके बदलण्याचे आम्ही पाहू. आम्हांला वाटले, तिने ते पाहिलेच असेल. दुसऱ्या दिवशी घाईत आम्ही मोहरा केल्या आणि बोळ्यांनी भरलेले खोके विमा उतरवून रवाना केले. हाताला हलके लागावयास हवे होते. पण लक्ष सारे ठसा नीट उमटला की नाही इकडे होते. खरे खोके बदलीच्या पेटीत, दोन गोधड्यांच्या मध्ये, सुखरूप होते. रात्री अकरा वाजता ते उघडले तेव्हा झाकणावरचा मोर जसाच्या तसा होता. आईची वस्तू सापडली याचा आनंद व्हावयास हवा होता. आम्ही दोघे तिच्याकडे पाहत गप्प बसलो.

सरकारदरबारचे काम सोपे होते. दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहिला : दावा आमच्या चुकीने केला होता, वस्तू आमच्यापाशी आहे, दावा परत घेत आहोत. पोस्टाने आमची काही वस्तू गमावली नव्हती. तिने दिलेले वजन घेतले आणि दिलेले वजन पोहोचविले. खोटा दावा आम्ही केला होता, तोही पुराव्यासकट. असल्या अर्जावर आम्ही स्वतः काय शेरा मारला असता याचा विचार करीत सही केली. प्रकरण बंद झाले.

कराडचे काम तसे नव्हते. आम्ही फोन केला. अक्काने सारे ऐकून घेतले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “तुझे पत्र आले त्या दिवशी मी देवळात गेले होते. ते तिच्याच हाती पडले, उघडे अंतर्देशीय समजून तिने वाचले. संध्याकाळी मी आले तर तिने आपली बॅग माझ्यापुढे आणून उघडून ठेवली. ‘आई, बघून घ्या,’ म्हणाली. मी बघितले नाही रे. पण तिने उघडली ना.”

त्या उघड्या बॅगेने आम्हांला जे शिकविले ते वर सांगितलेल्या कुठल्याच कलमात नव्हते. पाठविणाऱ्याच्या बाजूने किती गोष्टी उभ्या असतात! त्याच्यापाशी पावती असते, विमा असतो, मोहर असते, कायद्याचे गृहीतक असते; भरपाई द्यावयाची तर तीही त्यालाच. ज्याच्या हातात रिकामे खोके येते त्याच्यापाशी काय असते? त्याने सही केलेली असते, आणि ती सही त्याच्याच विरुद्ध बोलते. मिळालेल्या वस्तूची पोच देता येते. न मिळालेल्या वस्तूची पोच कोणत्या कागदावर द्यावी? आपण काय पाठविले हे सिद्ध करणे कठीण आहे खरे, पण आपल्याला काय मिळाले नाही हे सिद्ध करणे त्याहून शंभर पटींनी कठीण. त्याला एकच उपाय, की ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा. आईच्या शब्दाला कागद नव्हता, तरी अक्काने तो मानला होता. त्याच घरातल्या मुलीच्या शब्दाला मात्र आम्ही कागद मागितला.

परप्रांती राहणाऱ्या आम्हां मंडळींना हे विशेष सांभाळावे लागते असे आता वाटते. घरापासून हजार कोस दूर राहिले म्हणजे घरची माणसे हळूहळू पत्त्यासारखी होऊन जातात. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, आवाज आठवड्यातून एकदा ऐकू येतो. मग मधल्या रिकाम्या जागेत अनुमाने शिरतात. गावात असतो तर त्या मुलीचे तोंड पाहून आमचा संशय दारातच गळून पडला असता. कलकत्त्याहून आम्हांला तिची फक्त सही दिसत होती.

मार्गशीर्षात आम्ही लग्नाला निघालो. हावड्याहून पुण्यापर्यंतचा प्रवास आझाद हिंद एक्स्प्रेसने केला, करंडा सौ.च्या उशाखाली होता. कराडला पोहोचलो तेव्हा सूनबाईच पाणी घेऊन पुढे आली. वाकून नमस्कार करू लागली तेव्हा आम्ही तिला थांबविले आणि जे बोलावयाचे म्हणून गाडीत दोन दिवस घोळविले होते ते बोलू लागलो. पहिल्याच वाक्यात शब्द अडकले. तिने ते पुरे होऊ दिले नाही.

“मामा, प्रवासाने दमला असाल. आधी चहा घ्या,” ती म्हणाली.

चहा झाल्यावर अक्का, तिची लेक आणि आम्ही सारे माजघरात बसलो. आम्ही खोके सूनबाईच्या पुढे केले. वन्सांच्या हाती तिनेच द्यावे अशी अक्काची इच्छा होती. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “तुम्हीच उघडून दाखवा. सगळ्यांच्या समोर.”

आम्ही सुतळी सोडली, कागद काढले आणि करंडा जमिनीवर ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, क्षणभर तोलल्यासारखा धरला आणि वन्सांच्या ओंजळीत दिला. तिच्या तोंडावर त्या वेळी हसू होते की नाही हे आम्ही पाहिले नाही. आम्ही खाली पडलेले कागद गोळा करीत होतो.

ती तीनशे पासष्ट ग्रॅमची पावती अजून आमच्यापाशी आहे. फक्त ती आता बिस्किटांच्या डब्यात नसते. तिची जागा आमच्या खिशातल्या टिपणवहीत आहे, आणि कोणाला ‘कळावे’ असे लिहिण्यापूर्वी आम्ही ती एकदा काढून पाहतो.